आखाजीचा मुराळी

माझ्या हातून झालेली चूक आधी सांगतो. एका बैठकीत मी माझ्या थोरल्या भावाचं म्हणणं लोकांसमोर हसण्यावारी नेलं, आणि त्या हसण्याच्या भरात एक शब्द देऊन बसलो. त्याच्या मोठ्या मुलीला दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरहून माहेरी मी घेऊन येईन, एवढाच तो शब्द. दोन वर्षं पाळला, पुढे पाळला नाही. त्यामुळे कोणाचं घर बुडालं नाही की कोणाशी भांडण झालं नाही, आणि म्हणूनच पुष्कळ वर्षं मला ही चूक कोणापाशी कबूल करावी लागली नाही.

भाऊ माझ्याहून बराच मोठा. त्याला मी दादा म्हणत असे. घर पिंपळगाव राजाला, आणि तिथून रेल्वे दिसत नाही, ऐकूही येत नाही. आमचा बाजार खामगावचा. खामगावाहून जलंबपर्यंत एक लहान गाडी जाते, आणि जलंबला मुंबई-नागपूरची मोठी लाईन मिळते. दादा शेतकरी. रेल्वेशी त्याचा संबंध म्हणाल तर त्याचा कापूस खामगावच्या जिनात जाई, त्याच्या गाठी होत आणि त्या मालाच्या डब्यात चढत. पण कापूस विकला की बाकीचे लोक गूळ, तेल, लुगडी घ्यायला बाजारात शिरत, आणि हा बैलांपुढे कडबा टाकून स्टेशनकडे चालू लागे.

बाजाराच्या दिवशी तो पोरांपैकी एकाला बरोबर घेई. पाळी ठरलेली असे आणि तिच्यावरून घरात रडारड होई. जलंबचं तिकीट काढायचं, जलंबच्या फलाटावर बसून मेलगाडी जाताना पाहायची, भाकरी आणि ठेचा खायचा, आणि त्याच लहान गाडीने परत यायचं. काम काही नसे. पोर कोळशाने डोळे लाल करून घरी येई.

वहिनी म्हणत, "लोकं पोट्ट्यायले जत्रेत नेतात. तुमी कोयसा खाऊ घालाले नेता."

"जत्रा वर्सातून एकडाव येते," दादा म्हणे. "गाडी रोज येते."

त्याच्या बैलजोडीची नावं मेल आणि पार्सल. पार्सल खरंच हळू होता. गाडी चालवताना दादा त्याला कधी चाबूक लावत नसे. कोणी विचारलं तर म्हणे, "त्याच्यावर माल जास्त असते." संध्याकाळी जेवायच्या वेळी तो दारात उभा राही. एका हातात वहिनींच्या जुन्या लुगड्याचा हिरवा तुकडा, दुसऱ्या हातात स्वतःच्या फेट्याचा लाल. पोरं एकमेकांचे सदरे धरून अंगणात फेऱ्या घालत. हिरवा दाखवला की आत यायचं आणि ताटावर बसायचं, लाल दाखवला की जिथे असाल तिथे थांबायचं. धाकटा भूक लागली म्हणून लाल असतानाच आत घुसला, तर दादा गंभीरपणे म्हणे, "आता टक्कर झाली. लाईन साफ होयेपर्यंत कोनालेच भाकर नाई."

इंजिन नेहमी मोठी मुलगी, कारण तिला शिट्टी येई. दोन बोटं तोंडात घालून ती अशी शिट्टी मारी की गोठ्यातली गुरं उठून उभी राहत. पोरीची जात आणि शिट्टी मारते, म्हणून शेजारच्या बायका नावं ठेवत. दादा म्हणे, "इंजिनाले कोन नाव ठेवते?"

वहिनी एका पावसाळ्यात तापाने पडल्या तेव्हा भाकऱ्या दादाने थापल्या. गावात त्यावर बोलणं झालं. त्याने थापणं थांबवलं नाही आणि बोलणाऱ्यांना उत्तरही दिलं नाही. माझा भाऊ तसा होता. हे मी आता नीट सांगू शकतो. तेव्हा मला तो थोडा भोळसट वाटे.

मला त्याने खामगावला शिकायला ठेवलं होतं. शिकून मी तिथेच एका वकिलाकडे मुन्शी झालो. पक्षकार मला आधी नमस्कार करत, कारण वकिलापर्यंत जायचा रस्ता माझ्या टेबलावरून जाई. त्या नमस्कारांची मला सवय लागली. गावाला गेलो की पारावरही लोक मला जागा करून देत.

मुलगी लग्नाची झाली तेव्हा दादाने एक अट काढली. पोर ज्या गावात द्यायची त्या गावाला स्टेशन पाहिजे. नांदुऱ्याचं एक स्थळ त्याच्या मनात होतं. जमीन बेताची, मुलगा कामसू, आणि घरापासून स्टेशन चालत जाण्याइतकं. तेवढ्यात माझ्या ओळखीने उंद्रीचं स्थळ आलं. आमच्या वकिलाचे ते पक्षकार. उंद्री घाटावर, चिखली तालुक्यात. घर मोठं, बारा महिने पाण्याची विहीर, गोठ्यात बैलजोड्या. रेल्वे मात्र घाट उतरून खामगावाला आल्याशिवाय नाही. हे स्थळ मी आणलं, ते जमलं पाहिजे, असं मला फार वाटत होतं. मुलीच्या सुखाचा विचार त्यात होता, असं मी स्वतःला सांगत असे.

बैठक आमच्या ओसरीवर झाली. उंद्रीचे चार-पाच लोक आले होते. त्यांत मुलाचा चुलता बोलका होता. आमच्याकडचे भाऊबंद होते. बायका आणि मुलगी आतल्या दाराआड. सगळं जुळत आलं तेव्हा दादाने घसा साफ केला आणि अट सांगितली.

चुलता म्हणाला, "गाडीची काय वान हाय आमच्याकडं? चार जोड्या हायेत."

"जोड्या तुमच्या हायेत, बुवा," दादा म्हणाला. "पोरीले त्या मागा लागतीन. आखाजीले वखर चालू असते. तवा बैल मागनं बरं दिसत नाई. रेल्वे कोनाले मागा लागत नाई. टिकिट काढलं का बसली. सोबत लहाना भाऊ असला तरी चालते. इकडं स्टेशनवर माही दमनी उभी राहीन."

एवढं बोलायला त्याला वेळ लागला, कारण बैठकीत बोलायची त्याला सवय नव्हती. वैशाखातली आखाजी म्हणजे आमच्याकडे सासुरवाशिणींचा सण. त्या दिवसासाठी माहेरून भाऊ किंवा चुलता आणायला जातो, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला नाही तर पोर येत नाही. आणि नेमक्या त्याच दिवसांत पेरणीआधीचं वखरण असतं, बैलाला उसंत नसते. दादा बोलला त्यात एकही शब्द चुकीचा नव्हता. मी तो ऐकला, मला तो समजलाही. पण उंद्रीचे लोक एकमेकांकडे पाहू लागले होते आणि स्थळ हातातून जातंय असं मला दिसलं.

मी म्हणालो, "आमच्या दादाले जवाई नाई पायजे. स्टेशनमास्तर पायजे."

लोक हसले. हसले म्हणून मी पुढे गेलो.

"दादा, तुले रेल्वेच पायजे ना? मी होतो तिची रेल्वे. दर आखाजीले उंद्रीच्या दारात उभा. टिकिट नाई, काई नाई."

चुलता म्हणाला, "शिट्टी तरी मारसान ना, मुन्शीबुवा?"

मी तोंडाने इंजिनाचा आवाज केला. कोपरं हलवत बसल्या जागी जरा पुढे-मागेही झालो. लोकांच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणं चाललं. दाराआडूनही हसण्याचा आवाज आला. दादाने एकदा त्या दाराकडे पाहिलं, मग तोही हसला आणि पानाचं तबक पुढे सरकवलं. म्हणजे ठरलं.

पाहुणे गेल्यावर तो बैलांना पाणी पाजत होता. मी जवळ गेलो तसा म्हणाला, "तू बोलला ते खरं ना बे?"

"हाव दादा."

"मंग ठीक."

पहिल्या आखाजीला मी दादाची दमणी घेऊन गेलो. लहान, हलकी, वर छत घातलेली गाडी. मेल आणि पार्सल जुंपलेले. जायला दोन दिवस, यायला दोन दिवस. घाटात ऊन असं की गाडीच्या दांडीला हात लावता येईना. येताना घाटाच्या माथ्यावर आलो तेव्हा पोरीने मागे वळून पाहिलं, सासरचं कोणी नाही याची खात्री केली आणि दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. मेलने कान टवकारले. पुढे खामगाव येईपर्यंत ती बोलत होती. दादा आमच्या गावच्या वेशीवर उभा होता. त्याच्या हातात हिरवा तुकडा होता.

दुसऱ्या वर्षीही मी गेलो. त्या वेळी उंद्रीच्या ओसरीवर मला सकाळपासून दुपारपर्यंत बसावं लागलं, कारण तिचं घरातलं काम आटोपलं नव्हतं. मुराळ्याने बसायचंच असतं. माझ्या शेजारी गल्लीतला दुसरा एक मुराळी बसला होता. नुकतं मिसरूड फुटलेला, त्याच्या बहिणीला न्यायला आलेला. तो मला म्हणाला, "तुमच्या घरी लहाना कोनी नाई काय?" गल्लीतून जाणाऱ्या एकाने मला ओळखलं. तो आमच्याकडचा पक्षकार होता. नमस्कार करून त्याने विचारलं, "मुन्शीसाहेब, इथं काऊन बसले?" मी सांगितलं, आणि तो हसला. वाईट हसला नाही. पण ते हसणं मी खामगावपर्यंत बरोबर आणलं.

तिसऱ्या वर्षी मी निरोप पाठवला की कचेरीत काम आहे. काम होतं. पण सुटी मागितली असती तर मिळाली असती. चौथ्या वर्षी कळवलं की माझ्या मुलाला ताप आहे. ताप येऊन गेला होता. पाचव्या वर्षी दादाने मला विचारलंच नाही.

तो स्वतः जाऊ लागला. त्यासाठी त्याचं वखरण मागे पडे, मग पेरणी मागे पडे. आम्ही भेटलो की तो त्याबद्दल बोलत नसे. घाटात मोर दिसले, पार्सल एका वळणावर बसूनच राहिला, असं काहीबाही सांगे. काही वर्षं तो हात हलवत परत आला, कारण त्या दिवसांत तिचं बाळंतपण, नाही तर सासूचं आजारपण. उंद्रीची माणसं वाईट नव्हती. कामाची होती. तिथल्या चार जोड्या आखाजीला वखरालाच असत. पोरीने त्या कधी मागितल्या नाहीत.

पुढे पार्सल मेला, आणि दादाचे गुडघे धरले. मग जाणं थांबलं. तिची धाकटी भावंडं होती, पण त्यांत मुलीच जास्त, आणि मुलगा एकच, त्याच्यावर शेत पडलेलं. तरी आखाजीला वहिनी अंगणातल्या कडुलिंबाला झोका बांधत. धाकट्या मुली येत, झुलत, गाणी म्हणत. त्या नांदुरा आणि मलकापूरकडे दिलेल्या होत्या. त्यांच्या वेळी दादाने कोणाचंच ऐकलं नव्हतं, आणि मला बैठकीला बोलावलं नव्हतं. निरोप लग्नाचा येई.

एकदा आखाजीच्या आदल्या दिवशी मी काही कामाने खामगाव स्टेशनवर गेलो. दादा बाकावर बसलेला दिसला. नांदुऱ्याची मुलगी आणायला आला असेल असं मला वाटलं. पण ती आदल्या गाडीने येऊन घरी गेली होती, धाकट्या भावाबरोबर. हा मागे राहिला होता. जलंबची गाडी आली. बायका उतरू लागल्या. गाठोडी, कडेवर पोरं, डोक्यावर पदर. एक लहानशी पोरगी उतरली, तिच्याबरोबर फक्त तिच्याहून लहान भाऊ, आणि तोच जास्त घाबरलेला.

दादा म्हणाला, "हे पाय. हिले आनाले कोनी मोठं मानूस गेलं नसन. आपली आपन आली."

त्यात टोमणा नव्हता. त्याला टोमणा मारता येत नसे. तो खरोखर त्या पोरीकडे पाहून खूश झाला होता. त्या वेळी मी बोलायला हवं होतं. बाक रिकामा होता, आम्ही दोघंच होतो, आणि गाडी जाईपर्यंत दुसरं काही काम नव्हतं. मी म्हणालो, "उन्हात काऊन बसला दादा? घरी चाल, जेवू." तो आला. जेवताना आम्ही कापसाच्या भावाबद्दल बोललो.

मग उंद्रीवरून जाणारी खामगाव-चिखली मोटार सुरू झाली. मी आनंदाने दादाला सांगायला गेलो, जसं काही ती मीच सुरू केली होती. तो म्हणाला, "मोटर भरल्याबिगर हालत नाई, आन् भरली का थांबत नाई. तिच्या मालकाची मर्जी." तरी त्या मोटारीने पोर दोनदा आली. पण तोवर तिच्यामागे तिचंच घर लागलं होतं. चार दिवसांवर राहता येत नसे.

दादा पावसाळ्यात गेला. थोड्या दिवसांचा ताप. घाटात दरड आल्याने मोटार बंद होती. पोर तिसऱ्या दिवशी पोचली, स्वतःच्या बैलगाडीने, मुलाने हाकलेल्या. ती वहिनींपाशी बसली. मी अंगणात तिच्या बैलांना पाणी पाजत राहिलो. बैलांना तहान नव्हती.

गेल्या माघात उंद्रीहून मला बोलावणं आलं. तिची मुलगी लग्नाची झाली होती. आईचे वडील नाहीत, तर त्यांच्या जागी चुलत आजोबाने यावं, असा निरोप होता. मी मोटारीने गेलो. पोर आता त्या घरची कर्ती बाई झाली होती. सासू अंथरुणाला खिळलेली. तिच्या बोलण्यात घाटावरचे शब्द आले होते, पण माझ्याशी बोलताना ती आमच्यासारखंच बोलली. चुलीपाशी बसवून मला चहा दिला आणि सांगितलं की घरात वाद आहे. ती स्वतः मुलीला नांदुऱ्याला द्यायचं म्हणते. घरच्यांचं मत जवळचं अमडापूर.

मग ती म्हणाली, "काकाजी, तवा मीही हसली होती. तुमी इंजिनावानी केलं ना, मले लय हसू आलं. बाबाले वाटलं, पोरीची मर्जी हाय."

मी कप खाली ठेवला. दाराकडे पाहणारा दादा मला आठवला. आजवर मी समजत होतो की तो माझ्या बोलण्यावर भुलला.

"वाट पाहत होती का माय तू?" मी विचारलं.

"दोन-तीन वर्स पाह्यली. मंग सोडून देल्लं. तुमाले काम असन." तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "माह्या पोरीले मी कोनाची वाट पाहू देनार नाई. अमडापूर जवळ असलं तरी बैल मागाच लागतीन; नांदुऱ्याहून रेल्वेनं खामगावले याचं, आन् तिथून मोटरनं इथं. पन इथं माहं कोनी आयकत नाई. म्हनून तुमाले बोलावलं."

दुपारी ओसरीवर सगळे बसले. तोच चुलता, आता दात गेलेला, लोडाला टेकून. बायका दाराआड. तिच्या नवऱ्याने नांदुऱ्याचं नाव काढलं, तर चुलता म्हणाला, "हे याच्या बायकोचं खूळ. बापाकडून आलेलं. पोरीचं काय इंजिनाशी लगीन लावाचं हाय?" लोक हसले. मग तो माझ्याकडे वळला. "हे पाहा, हे आले आमचे रेल्वेवाले. मुन्शीबुवा, तुमची ती गोष्ट आमी अजून सांगतो. पोट्टे तुमची नक्कल करतात. एकडाव करून दाखवा, म्हंजे वाद मिटला."

खरंच, एका मुलाने कोपरं हलवून दाखवली. सगळे माझ्याकडे पाहत होते, हसायला तयार. इतकी वर्षं ती गोष्ट त्या घरात चालली होती, आणि ती पोर दाराआड, चुलीपाशी, ती ऐकत होती.

मी म्हणालो, "ते अर्धीच गोष्ट सांगता तुमी. मी दोन वर्स आलो. मंग नाई आलो. काम हाय म्हनून कळवलं. मुन्शी असून मुराळी म्हनून ह्या ओसरीवर बसाची मले लाज वाटे, एवढंच काम होतं. माहा भाऊ म्हनत होता ते बरोबर होतं. मले तवाच समजलं होतं, तरी मी लोकं हसवले. पोरीले नांदुऱ्याले द्या. तिले आनाची जबाबदारी मी घेत नाई, माह्या शब्दावर कोनी जाऊ नोका. तिची ती येईन."

मी दाराकडे वळलो. दार अर्धं लोटलेलं होतं आणि तिचा पदर तेवढा दिसत होता.

"माय," मी म्हणालो, "माहं चुकलं. दादाले सांगाचं राहून गेलं, म्हनून तुले सांगतो. तुमा दोघायचंही मी नुकसान केलं. मले माफ कर."